अकरा ते पाच पोर कुठं असतं?



या पानावर दर खेपेला दाव्यांचं असतं. कुठल्या पाड्याचे दावे प्रांत ऑफिसात अडले, कुणाला दोन एकर कसत असताना दहा गुंठ्यांचा कागद हातात आला, ते सगळं या खेपेला आतल्या पानांवर आहे. ते वाचाच. पण हे पान मी शाळेसाठी मागून घेतलं. बैठकीत दोघातिघांनी म्हटलं, "शाळेचं संघटनेत कशाला? ते मास्तर बघतील." मी म्हटलं, आधी ऐकून तर घ्या. तुम्हीही ऐका. ज्याला वाचता येतं त्यानं रात्री पाड्यात वाचून दाखवा. आणि पोरांना झोपवून वाचू नका, त्यांनाही बसवा.

गोष्ट आमच्याच पाड्यातली आहे. गेल्या महिन्यात, जुलैमध्ये, आवणी जोरात चालू होती. दुसरीतली एक पोर रोज सकाळी दप्तर पाठीला लावून बाकीच्या पोरांबरोबर निघायची. नाव लिहीत नाही. पाड्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि तिला जेवढं झालं तेवढं पुरे. तर ती ओहोळापर्यंत जायची आणि तिथं मागं राहायची. पोरं पुढं गेली की करवंदीच्या जाळीमागं एका दगडावर बसायची. वरून पाऊस, डोक्याला प्लास्टिकचा कागद. संध्याकाळी पोरं परत येताना दिसली की त्यांच्यात मिसळून घरी. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी टाकळा खुडायला गेलेल्या एका म्हातारीला ती दिसली. ओहोळाला त्या दिवशी कमरेएवढं पाणी होतं.

म्हातारीनं हाताला धरून घरी आणली. बापानं पहिल्यांदा काय केलं असेल ते सांगायला नको. दोन ठेवून दिल्या. पोर एवढंच म्हणाली, "नाय जायचा माना शालंत." का नाही, ते दोन दिवस काही बोलली नाही. मग रात्री आजीजवळ झोपताना बोलली.

तिला वर्गात लघवीला लागली होती. तिनं आपल्या बोलीत सांगितलं. गुरुजी म्हणाले, नीट बोल. तिला नीट म्हंजे कसं ते माहीत नव्हतं, म्हणून ती गप्प बसली. मग जे व्हायचं ते तिथंच झालं. पोरं हसली. गुरुजींनी तिलाच फडकं आणून पुसायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून ती जाळीमागं.

सात वर्षांची पोर सहा दिवस अकरा ते पाच रानात एकटी होती. आईला वाटत होतं शाळेत आहे. शाळेला वाटत होतं घरी आहे, आवणीला ठेवून घेतली असेल. आम्ही चार जणी शाळेत गेलो तेव्हा हजेरी बघायला मागितली. सहा दिवसांपैकी चार दिवस ती हजर होती! गुरुजींना विचारलं तर म्हणाले, पाड्यावरची पोरं एकदम येतात, मी एकदम हजेरी मांडतो. म्हंजे कागदावर ती वर्गात बसली होती, तिच्या वाटणीची खिचडीसुद्धा शिजली होती.

शाळेचं नाव मी छापत नाही. एका गुरुजीला धरून ठोकायचं तर ते सोपं आहे, आणि मग आपण सगळे सुटलो. म्हणून पुढचंही सांगते. त्या शाळेत पहिली ते चौथीला दोन गुरुजी आहेत. एक जण महिन्यातले किती दिवस तालुक्याला बैठकीला आणि माहिती भरायला असतो ते पोरांना विचारा. राहिलेला एक जण चार वर्ग एका खोलीत बसवतो. तो घाटावरचा, आपली बोली त्याला येत नाही, कुणी शिकवलीही नाही. आम्ही गेलो तेव्हा तो आधी चिडला, मग खाली बघत राहिला. शेवटी म्हणाला, "मला खरंच कळलं नव्हतं ती काय म्हणते." ते मला खरं वाटलं. पुसायला लावलं त्याला मात्र माफी नाही. ते त्याला तोंडावर सांगितलं.

आता आपल्याकडे बघू. आपल्या प्लॉटात दुसऱ्याचा बैल शिरला तर घटकाभरात पाड्याला कळतं. फॉरेस्टवाला हद्दीवर दिसला की पोर पळत येऊन सांगतं, आणि बाया विळे घेऊन उभ्या राहतात. पंचनाम्याचा कोरा कागद पुढं केला तर आता एकही माणूस अंगठा देत नाही. एवढं आपण शिकलो. कुणी शिकवलं नाही, मार खाऊन शिकलो. पण आपलंच पोर सहा दिवस कुठं होतं ते आपल्याला कळलं नाही. दोन वर्षांत आमच्या पाड्यात किती बैठका झाल्या त्याची वही माझ्याकडेच आहे. मी चाळून बघितली. शाळा हा शब्द एकदाच आला आहे, तोही "बैठक शाळेच्या ओट्यावर झाली" असा. यात मीही आले.

बोलीचं आधी बोलते, कारण सगळं तिथून सुरू झालं. सहा वर्षांचं पोर पहिल्यांदा घराबाहेर जातं आणि समोरचा माणूस जे बोलतो ते त्याला निम्मं कळत नाही. तहान लागली, पोटात दुखतं, अमक्यानं मारलं, बाहेर जायचंय, एवढं सांगता आलं नाही तर पोर सुरक्षित कसं राहील? अभ्यास नंतर. आधी हे. शिक्षणाचा जो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वर्षांच्या पोरांसाठी, त्याच्या २९ व्या कलमात लिहिलंय की होईल तेवढं पोराच्या मातृभाषेत शिकवावं, आणि पोराला भीती वाटू नये, दडपण येऊ नये असं शिकवावं. बाकी कायदा राहू द्या, ही दोन वाक्यं पाठ करा.

आणि हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. १९४५ साली तलासरीजवळ झरीला गोदावरीबाई परुळेकरांच्या लाल बावट्याखाली वेठबिगारीविरुद्ध आपले आजे-पणजे जमले, ते आपण दर सभेत सांगतो. त्याच साली तिथून जवळच बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी काढली, ते सांगत नाही. पोरं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी पोरांना दोष दिला नाही, शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. आज गावोगावी जी अंगणवाडी म्हणतात तो शब्द तिथला. पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. पोर जिथं आहे तिथं शाळा गेली. आपल्या गुरुजींना ओहोळापर्यंत यायला काय हरकत आहे?

आम्ही एक साधं काम केलं. तिसरी-चौथीच्या पोरांना घेऊन बसलो आणि आपल्या बोलीतले पन्नास शब्द आणि त्यांचा पुस्तकातल्या मराठीतला अर्थ असा एक कागद केला. दुखतं, भूक, तहान, भीती वाटते, बाहेर जायचंय, हा मला मारतो, मला घरी जायचंय. तो कागद वर्गात भिंतीला लावला. गुरुजींनी विरोध केला नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून एक शब्द विचारला, आणि पोरं हसली. या वेळचं हसणं वेगळं होतं.

आता माराचं. इथं मला आपल्याच माणसांशी भांडायचं आहे. शाळेत पोराला घालायला गेलेला बाप गुरुजींना काय म्हणतो? "सर, मारा, पण शिकवा." मी माझ्या कानांनी किती वेळा ऐकलंय. अरे, सावकार आणि वनाधिकारी आपल्याला मारत होते तेव्हा तेही हेच म्हणायचे, की यांना मारल्याशिवाय कळत नाही! त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात पोराला अंगावर मारायला आणि मनाला लागेल असं वागवायला बंदी आहे. छडी तर नाहीच, ओणवं उभं करणं नाही, फडकं देऊन पुसायला लावणंही नाही. आणि आपण पोराला मारायची परवानगी देऊन ठेवली तर उद्या दुसऱ्या कुणी त्याच्या अंगाला हात लावला तर ते सांगायला कुणाकडे येईल? त्याला वाटेल मोठ्या माणसांनी हात लावायचाच असतो, आणि बापाला सांगितलं तर वर आणखी दोन मिळतील. जाळीमागच्या पोरीनं आईला का सांगितलं नाही, त्याचं उत्तर तिच्या बापानं पहिल्याच घटकेला देऊन टाकलं.

मी तिसरीपासून आश्रमशाळेत होते. कुठली ते सांगत नाही. आम्ही लहान पोरी एका पत्र्याच्या खोलीत फरशीवर ओळीनं झोपायचो. रात्री लाईट गेली की कुणी उठायचं नाही, कारण मोरी बाहेर लांब होती आणि अंधार. अंथरूण ओलं झालेल्या पोरीला सकाळी सगळ्यांसमोर उभी करायचे. म्हणून आम्ही संध्याकाळी पाणीच पीत नव्हतो. एकदा एका पोरीला ताप होता, तिच्या घरी निरोप गेला तो चौथ्या दिवशी. तिचा मामा आठवडी बाजाराला आला म्हणून कळलं. ती वाचली. आमच्या घरी कुणी कधी विचारलं नाही की तिथं रात्री काय असतं. "जेवायला मिळतं ना?" एवढंच विचारायचे. मिळायचं.

म्हणून ज्यांची पोरं आश्रमशाळेत आहेत त्यांना सांगते, सुट्टीला पोर घरी आलं की दप्तर बघण्याआधी त्याला विचारा: झोपतोस कुठं, रात्री बाहेर जायचं तर कोण बरोबर येतं, आजारी पडलं तर कुणाला सांगतोस. जमिनीवर झोपणाऱ्याला रात्री मण्यार चावते आणि चावलेलं कळतही नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मग खाट का नाही, ते गृहपालाला विचारायला आपण का लाजतो? पोरींच्या बाजूला बाईमाणूस अधीक्षिका रात्री मुक्कामाला आहे का, तेही बघून या. दिवसा नाही, संध्याकाळी जाऊन बघा. पाच-सहा पालक मिळून गेलात तर दारातून कुणी परत लावत नाही.

आणि पोर जर म्हणालं की अमका माणूस मला आवडत नाही, तो हात लावतो, तर ओरडू नका. "कुणाला सांगू नको, अब्रू जाईल" असं तर कधीच म्हणू नका. अब्रू त्याची जाते, पोराची नाही. या गोष्टींसाठी १४ नोव्हेंबर २०१२ पासून वेगळा कायदा लागू झाला आहे. त्यात पोराचा जबाब घरी येऊन घ्यायचा, होईल तेवढं बाई अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. पोराला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. ज्याला कळलं आणि ज्यानं लपवलं, तो मुख्याध्यापक असला तरी गुन्हेगार. गावात बसून दंड आणि दारूवर मिटवायची गोष्ट ही नाही. आपले काही जुने लोक या वाक्यावर रागावतील. रागावू द्या. १०९८ हा नंबर पोरांसाठी आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. पोरांकडून पाठ करून घ्या: दहा, नऊ, आठ.

ओहोळाचं सांगायचं राहिलं. कायद्यात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे. आमच्या पाड्यापासून ती दोन किलोमीटर आहे आणि मध्ये ओहोळ. साकवाचा अर्ज आम्ही दिलाय, पण साकव होईपर्यंत पाऊस थांबणार आहे का? सध्या असं ठरलं आहे की पावसाचे दिवस संपेपर्यंत पाड्यातला एक माणूस सकाळी पोरांबरोबर जाईल आणि संध्याकाळी आणायला जाईल. सतरा घरं आहेत, प्रत्येक घराची पाळी सतरा दिवसांनी येते. ज्याची पाळी तो पोरं मोजून नेतो आणि गुरुजींपुढं मोजून देतो. गुरुजी तेव्हाच हजेरी घेतात. पाण्यानं ठरवलेला दगड बुडाला की कुणी ओहोळ उतरायचा नाही, मग परीक्षा असली तरी. पोरं शाळेत असताना पाणी वाढलं तर ती शाळेतच थांबतील, नाहीतर गावठाणातल्या दोन घरांत, ती घरं ठरवून ठेवली आहेत. आवणीत एक माणूस मोडतो म्हणून कुरकुर झाली. एका बाईनं विचारलं, "पोर वाहून गेलं तर तेरा दिवस किती माणसं मोडतील?" कुरकुर थांबली.

या पाळीमुळं एक गोष्ट आपोआप झाली. सतरा घरांतली माणसं पहिल्यांदा शाळेच्या आत गेली. कुणाला दिसलं की मुतारीला कुलूप आहे आणि चावी कपाटात आहे. कुणाला दिसलं की पिण्याच्या पाण्याचं पिंप उघडं आहे. पोरापोरींना वेगळी मुतारी आणि चांगलं पाणी ही कायद्यातली गोष्ट आहे, आणि ते करायची तीन वर्षांची मुदत ३१ मार्च २०१३ ला संपली. कुलूप आम्ही भांडलो नाही, चावी मागितली आणि खिळ्याला अडकवली. आता पोरी जातात. एवढ्यासाठी तीन वर्षं लागायची गरज नव्हती.

खिचडीचं सगळ्यांनी नीट ऐका. २०१३ साली १६ जुलैला बिहारमध्ये, सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात, शाळेतलं जेवण खाऊन २३ पोरं मेली. स्वयंपाकाच्या तेलात पिकावर मारायचं औषध होतं. चव वेगळी लागते असं पोरं म्हणाली होती, अशा बातम्या आल्या. ती आपल्यासारखीच गरिबांची पोरं होती. मी ती बातमी बाजारात वाचली आणि घरी येऊन आधी आमच्या घरातला औषधाचा रिकामा डबा बघितला, ज्यात आई रॉकेल आणायची. किती घरांत तसे डबे आहेत? ते फोडून टाका. शाळेच्या खोलीत तांदळाच्या पोत्याशेजारी काय ठेवलंय ते बघा. खिचडी वाढायच्या आधी मोठ्या माणसांनी चाखायची, असा नियमच आहे, आणि पाळीवर आलेल्या माणसाला तो पाळणं अवघड नाही. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक पोराला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ आहे, वीस ग्रॅम डाळ आहे. खिचडीत डाळ दिसते की नुसती पिवळी दिसते, एवढं तर बाईमाणसाला बघून कळतं. पण चाखायला गेलं पाहिजे. आणि शिजवणाऱ्या बाईवर दादागिरी करू नका. ती आपल्यातलीच आहे, तिला मिळतात ते पैसे सांगायलाही लाज वाटते, आणि तेही महिनोनमहिने येत नाहीत.

आता दिवाळीनंतरचं. भात झोडून झालं की आपली निम्मी घरं भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल घेतलेली असते, जावंच लागतं. पोरं बरोबर जातात आणि शाळेच्या वहीत मे महिन्यापर्यंत कुठं हजर, कुठं गैरहजर अशी राहतात. भट्टीवर पोर मातीच्या ढिगाशी, ट्रकच्या चाकाशी, भाजलेल्या विटांशी खेळतं. तिथं ते शाळेतल्यापेक्षा जास्त धोक्यात आहे, हे आपल्यालाही माहीत आहे. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आजी घरी असेल तर पोराला तिच्याकडं ठेवा, आणि पाड्यात मागं राहिलेल्या लोकांनी त्या आजीला एकटं पाडू नका. न्यावंच लागलं तर एवढं ध्यानात ठेवा की भट्टीजवळच्या सरकारी शाळेला पोराला घ्यावंच लागतं. दाखला नाही, जन्माचा कागद नाही, वर्ष अर्धं झालं, असलं कुठलंही कारण चालत नाही, कायद्यात लिहिलंय. इथली शाळा दाखला मागितल्यावर ताबडतोब देते, तो मागून घ्या. या दिवाळीला निघायच्या आधी संघटनेच्या वहीत पोरांची यादी करू, कुठलं पोर कुठल्या भट्टीवर चाललंय. शेटला कळलं की यादी आहे, तर तो जरा सांभाळून वागतो. मागं मजुरीच्या वेळी आपण हे बघितलंय.

आता हे सगळं करायचं कुणी? मला म्हणाल तर गावात त्यासाठी समिती आधीच आहे. तिचं नाव शाळा व्यवस्थापन समिती. वनहक्क समितीसारखीच तीही कायद्यानं आहे. तिच्यात चारातले तीन जण पालक असायला पाहिजेत आणि निम्म्या बाया. अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक नुसता सचिव. महिन्याला बैठक. शाळेला आलेला पैसा कुठं गेला ते बघायचं, पुढं काय पाहिजे त्याचा आराखडा करायचा, गुरुजी वेळेवर येतात का ते बघायचं, हे सगळं तिचं काम.

आम्ही आमच्या शाळेची समितीची वही बघितली. आमच्या पाड्यातल्या तीन बाया तिच्यात सदस्य आहेत. त्यातल्या दोघी माझ्याबरोबरच उभ्या होत्या. त्यांना माहीत नव्हतं! वहीत त्यांचे अंगठे आहेत. एक जण आठवून म्हणाली, "तेव्हा गुरुजी खिचडीचा कागद आहे म्हणाले होते." म्हंजे पंचनाम्याच्या कोऱ्या कागदाला आपण अंगठा देत नाही आणि शाळेच्या वहीला देतो. कारण तिथं फॉरेस्टवाला दिसतो, इथं गुरुजी. गुरुजी वाईट आहेत म्हणून नव्हे, पण जी बैठक झालीच नाही तिच्यावर अंगठा द्यायचा नाही, हे आता ठरवायला पाहिजे.

काही जण म्हणतील, पोरं शिकून काय होतंय, बारावी होऊन ही सायक्लोस्टाईलचीच शाई काढते. खरं आहे, माझी बोटं आत्ताही काळीच आहेत. पण जातपडताळणीला गेलात तर १९५० च्या आधीचा कागद मागतात. आणि आपल्याकडे तो नसतो, कारण आजा शाळेत गेलाच नाही. तो का गेला नाही? तो सावकाराची गुरं राखत होता. आणि आजी? तिला कुणी विचारलंच नाही.

१५ ऑगस्टला सगळीकडे ग्रामसभा आहे. झेंडा झाला की बरेच जण लाडू घेऊन घरी जातात, सभा मग पाच-सात माणसांची होते. या वेळी थांबा. सगळ्या पाड्यांनी हे तीन विषय लेखी द्या आणि पोच घ्या: समितीत कोण कोण आहे ते मोठ्यानं वाचून दाखवा, पावसात पोरांना आणायला-न्यायला काय सोय ते ठरवा, आणि दुसरा गुरुजी वर्गात का नसतो त्याचा जाब पंचायत समितीकडं मागा. साठ पोरांपर्यंत दोन गुरुजी हा कायदा आहे, आणि जनगणना, निवडणूक, आपत्ती सोडून दुसऱ्या कामाला त्याला जुंपायचं नाही हाही कायदा आहे. त्याच्या बाजूनंही आपणच बोललं पाहिजे, तो एकटा बोलला तर त्याची बदली होते. ठराव वहीत चढल्याशिवाय उठू नका. लेखी तक्रार दिली तर तीन महिन्यांत तिचा निकाल द्यावा लागतो, म्हणून तारीख घालूनच द्या. ज्या पाड्याला अर्ज लिहायला माणूस पाहिजे त्यांनी रविवारी बाजाराच्या दिवशी कचेरीत या, आम्ही दोघी असतो.

ती पोर शाळेत जाते आहे का, असं काही जणांनी विचारलं. जाते. पहिले चार दिवस आजी वर्गाच्या दाराशी बसायची, सुपारी फोडत. पाचव्या दिवशी पोरीनंच तिला सांगितलं, तू घरी जा. पण लघवीला अजून एकटी जात नाही, मैत्रिणीला घेऊन जाते. मैत्रीण चौथीतली आहे, पुढच्या वर्षी ती त्या शाळेत नसेल. तोवर काय करायचं ते आम्हाला बघावं लागणार आहे.